दुरुस्तीचा जाहीरनामा

राज्यातील २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायती यांच्यासाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान ठरले, आणि ज्या गावांचा कारभार लोकनियुक्त सभेवाचून दीर्घकाळ केवळ प्रशासकाच्या सहीने चालत आला, त्या गावांच्या चौकांत तेव्हा फलक, पदयात्रा, कोपरासभा आणि घरोघरच्या गाठीभेटी यांची वर्दळ सुरू झाली. नगरसंस्थेची मुदत पाच वर्षांची असेल आणि ती संपण्यापूर्वीच पुढील निवडणूक पुरी झाली पाहिजे, असे राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितलेले असतानाही, आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादांत ही निवडणूक इतकी रखडली की अखेर २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला ती घेण्याविषयी आदेश द्यावा लागला. इतक्या प्रतीक्षेनंतर मिळालेला हा मताधिकार कोणत्या कामासाठी वापरावयाचा, याचा विचार मतदाराने करावा तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, उमेदवाराने करणे आवश्यक होते.

निवडणुकीच्या दिवसांत हाती पडणारी पत्रके मी मन लावून वाचतो, कारण आपले गाव कसे असावे याविषयी उमेदवाराच्या मनात जे चित्र असते ते त्याच्या भाषणापेक्षा पत्रकातच अधिक स्वच्छ उमटते. त्या पत्रकांत वेशीवरची स्वागतकमान असते, चौकाचे सुशोभीकरण असते, हायमास्ट दिवे, पेव्हर ब्लॉक, उद्यान, व्यायामशाळा, बहुउद्देशीय सभागृह आणि नदीचा घाट असतो. परंतु जलवाहिनीचे गळके सांधे बदलण्याचे, उलट उतारामुळे तुंबणाऱ्या गटाराची पातळी पुन्हा मोजून घेण्याचे, बंद पडलेला पंप वेळेत दुरुस्त होईल अशी व्यवस्था लावण्याचे, वा नगरपरिषदेच्या शाळेचे पावसाळ्यात ठिबकणारे छप्पर शाकारण्याचे वचन त्यांत मला क्वचितच आढळते. जे गावापाशी आधीच आहे ते नीट चालते ठेवणे हे नगरसेवकपदाच्या उमेदवाराचे पहिले कर्तव्य होय आणि नवे बांधण्याची परवानगी त्याने मतदारांकडे त्यानंतरच मागावी, असे माझे मत आहे.

नव्याची ही ओढ केवळ उमेदवारांच्या हौसेतून उत्पन्न झालेली नाही. तिचे मूळ नगरपरिषदेच्या जमाखर्चाच्या रचनेत आहे. १९९९ साली नगरपालिकांची जकात रद्द झाली, तेव्हा स्वतःच्या नाक्यावर गोळा होणारे आणि स्वतःच्या सभेच्या ठरावाने खर्ची पडणारे उत्पन्न संपले व त्याच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. तेव्हापासून घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि बाजारातील वसुली एवढेच काय ते नगरपरिषदेचे हक्काचे म्हणता येईल असे उत्पन्न राहिले. मोठी कामे नगरोत्थान, अमृत यांसारख्या योजनांतून मंजूर होतात. निधीचा मोठा वाटा वरून येतो, निविदा निघते, जलकुंभ उभा राहतो, कोनशिला बसते. मात्र त्याच जलकुंभात पाणी चढविणाऱ्या पंपांचे वीजदेयक, तुरटी आणि क्लोरीन यांची खरेदी, गळतीचा शोध, आणि पहाटे उठून गल्लोगल्ली झडपा उघडणाऱ्या माणसाचा पगार हा सारा भार योजना हस्तांतरित झाल्या दिवसापासून गावाच्या तिजोरीवर पडतो, आणि त्यासाठी पुरेसे अनुदान कोणीच देत नाही. बांधणाऱ्याला कीर्ती आणि सांभाळणाऱ्याला देयके अशी ही वाटणी असल्यामुळे राजकीय बुद्धी बांधण्याकडे वळते, आणि काही वर्षांनी तीच योजना दुरुस्तीअभावी निकामी ठरवून तिच्याच जागी नव्या योजनेचा प्रस्ताव मंत्रालयात पाठविला जातो. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्याशीच बांधून टाकली, हे या दृष्टीने मला उचित वाटते. कारण जेथे निवड मोकळी असते तेथे ती जमिनीवर दिसणाऱ्या कामाच्या बाजूने होते आणि जमिनीखालचे काम मागे पडते.

अशा वेळी एखाद्या खर्चाला सभागृहात उभे राहून नकार देणे हेदेखील गावाचे मोठे काम ठरते, आणि त्याचा थोर आदर्श महाराष्ट्राच्या नगरसंस्थांच्या इतिहासात अगदी आरंभीच सापडतो. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे नियुक्त सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला, तेव्हा बत्तीस सदस्यांच्या त्या सभेत एकट्या जोतीरावांनी विरोधी मत दिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लागावा असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्ताव अर्थातच संमत झाला. परंतु ज्या सरकारने आपल्याला सभासद नेमले त्याच सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागतावर होणारा खर्च अनाठायी आहे हे सांगण्यास जे धैर्य लागते, त्याच्या शतांशानेही आज एखाद्या नगरसेवकाने कमानीच्या निविदेला विरोध नोंदविला, तर त्या वर्षीच्या अंदाजपत्रकाचे स्वरूप पालटू शकेल.

प्राधान्यक्रमात पहिले स्थान मी पाण्याला देतो, आणि त्यातही पाणी आणण्यापेक्षा वाटण्याला. उन्हाळ्यात पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळाला पाणी येण्याचे दुःख मनमाडसारख्या गावाने वर्षानुवर्षे सोसले आहे, आणि तेथे धरणाचा व लांबवरून येणाऱ्या वाहिनीचा प्रश्न अग्रक्रमाचा असणे स्वाभाविकच होय. पण ज्या गावांना उद्भवाची ददात नाही त्यांतील कितीतरी गावांत एका आळीला रोज आणि दुसऱ्या आळीला दिवसाआड, तेही अपुऱ्या दाबाने, असा प्रकार चालतो. भुयारी गटारे असलेल्या नगरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाण्याचे मान ठरलेले आहे. गावात येणाऱ्या एकूण पाण्याला लोकसंख्येने भागले की कागदावर ते मान बहुधा गाठल्यासारखे दिसते. पण सरासरीच्या आकड्याने वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरातील हंडा भरत नाही. वाहिनीच्या आरंभीच्या घरांनी नळाला थेट मोटर जोडलेली असते, मधल्या सांध्यांतून पाणी जमिनीत मुरत असते, आणि टोकाच्या वस्तीला, जी बहुधा कष्टकऱ्यांची वस्ती असते, उरलेसुरले मिळते.

शिवाय खंडित पुरवठ्याचा धोका केवळ गैरसोयीपुरता मर्यादित नसतो. पाणी बंद झाले की वाहिनीतील दाब नाहीसा होतो, आणि ती गटाराच्या कडेने अथवा गटारातूनच गेलेली असेल तर गळक्या सांध्यांच्या फटींतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. पुढच्या पाळीला पहिल्या धारेबरोबर ते घराघरांत पोचते. पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या आळीत काविळीची अथवा गॅस्ट्रोची साथ उसळते तिच्या मुळाशी पुष्कळदा ही एवढीशी फट असते. तेव्हा गटारातून गेलेल्या नळजोडण्या बाहेर काढणे हे आरोग्याचे काम आहे, आणि नव्या रुग्णालयाची मागणी करणाऱ्या उमेदवाराने आधी त्या जोडण्यांची यादी मागवावी. हे काम लहान गावाच्या आवाक्याबाहेरचे आहे असेही नाही. कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरने, ती नगरपंचायत असतानाच, मापकाद्वारे चोवीस तास पाणी देण्याची योजना अमलात आणून दाखविली. सदैव दाब असलेल्या वाहिनीत घाण शिरत नाही, पाणी केव्हाही मिळते म्हणून साठा करून शिळे पाणी ओतून देण्याची सवय सुटते, आणि जो जितके वापरील त्याला तितके देयक येते म्हणून उधळपट्टीला आपोआप आळा बसतो, हे तत्त्व तेथे सिद्ध झाले. मापक बसविण्याला लोक विरोध करतील या भीतीने जे उमेदवार या विषयाचा उच्चारही करीत नाहीत, त्यांनी मलकापूरच्या नागरिकांशी जाऊन बोलावे.

पाण्यानंतर मैला. सभ्य समाजात या विषयाचा उच्चार टाळला जातो, आणि म्हणूनच तो जाहीरनाम्यांतूनही टळला आहे. आपल्या बहुतेक लहान नगरांत भुयारी गटारे नाहीत. घराघरांच्या शौचालयांचा मैला सेप्टिक टाकीत उतरतो, ती टाकी बांधल्यापासून दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे उघडलीही जात नाही, आणि गाळाने भरलेल्या टाकीतून मैलामिश्रित पाणी उघड्या गटारात, तेथून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाते. टाकी तुंबली की मालक धावपळ करतो, खासगी टँकर येतो आणि उपसलेला मैला रात्री गावाबाहेरच्या एखाद्या नाल्यात रिता होतो. वाई हे नाव मराठी वाचकाच्या मनात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि मराठी विश्वकोश यांच्याशी जोडलेले आहे. त्याच कृष्णाकाठच्या वाईच्या नगरपरिषदेने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले त्याचेही स्मरण राहावे असे मला मनापासून वाटते. गावातील टाक्यांची नोंद करावयाची, विभाग पाडून सुमारे तीन वर्षांत प्रत्येक टाकी एकदा पाळीपाळीने उपसली जाईल असे वेळापत्रक आखावयाचे, मालकाच्या तक्रारीची वाट पाहावयाची नाही, खर्च कराच्या रूपाने सर्वांकडून थोडाथोडा घ्यावयाचा, आणि उपसलेला मैला प्रक्रियाकेंद्रातच नेऊन त्याची विल्हेवाट लावावयाची, अशी ती पद्धत आहे. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरनेही तीच स्वीकारली. या व्यवस्थेत उद्घाटन करण्याजोगे फारसे काही नाही. तिचे सारे महत्त्व वेळापत्रकात आहे. एखाद्या वर्षी ते चुकले की सारे बिघडते, आणि ते पाळले जाते की नाही हे पाहण्यासाठीच सभागृहात जागरूक सदस्याची गरज असते.

घनकचऱ्याविषयी एकच मुद्दा मांडतो, कारण बाकीचे सर्वांना ठाऊक आहे. ओला, सुका आणि घातक असा कचरा घरातच वेगळा करावा हा दंडक २०१६ च्या नियमांनी घातला. पण घंटागाडीच्या मक्तेदाराला जेथे वजनावर पैसे मिळतात, तेथे कचरा वेगळा न होता जड होण्यातच त्याचा फायदा असतो. तेव्हा उमेदवाराने घोषणा न करता मक्त्याची कलमे वाचली पाहिजेत. सिंधुदुर्गातील वेंगुर्ल्याने आपल्या कचराडेपोचा कायापालट करून तेथे लोक पाहावयास येतील असे स्थान निर्माण केले, ते कचऱ्याचे अनेक प्रकारांत काटेकोर वर्गीकरण दिवसेंदिवस करीत राहिल्यामुळे. आणि हे वर्गीकरण, ही सफाई ज्यांच्या हातांनी होते त्यांच्याविषयी जाहीरनाम्यांत शब्दही नसावा, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशदायक वाटते. मुंबई राज्यातील सफाई कामगारांच्या दुःस्थितीचा शोध घेण्यासाठी स्वातंत्र्यानंतर लगेचच बर्वे समिती नेमली गेली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून भंगीमुक्तीचे व्रत आयुष्यभर चालविले. पुढे लाड आणि पागे या समित्यांच्या शिफारशी आल्या. असे असूनही आज ठेकेदाराकडील कामगाराला हातमोजे मिळतात की नाहीत, त्याचे वेतन महिन्याच्या कोणत्या तारखेस होते, त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचा भरणा खरोखर झाला आहे काय, हे सभेत विचारणारा सदस्य विरळा. संरक्षक साधनांवाचून टाकीत वा गटाराच्या चेंबरमध्ये माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. माझ्या प्रभागात माणूस खाली उतरविला जाणार नाही, एवढे एक वचन देऊन ते पाळणारा उमेदवार माझ्या दृष्टीने दहा उद्यानांच्या कर्त्यापेक्षा श्रेष्ठ आहे.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे मला आवश्यक वाटते. जुने सांभाळा असे म्हणणे त्यांनाच शोभते ज्यांच्या दाराशी काहीतरी आहे. ज्या वस्त्यांना आजवर नळ, गटार, रस्ता यांपैकी काहीच मिळाले नाही, त्यांनी दुरुस्ती कशाची मागावी, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. हद्दवाढीने नगरात आलेली वाडी, गायरानावरची वस्ती, गावकुसाबाहेर राहिलेली घरे यांच्यासाठी पहिली जलवाहिनी ही शोभेची वस्तू होऊ शकत नाही; तिथे नवे बांधणे हेच पहिले कर्तव्य. माझा विरोध आहे तो ज्या रस्त्याचे डांबर अजून शाबूत आहे त्याच्यावर पुन्हा थर चढविण्याला, एकदा फरसबंदी झालेल्या चौकाची फरशी उखडून दुसरी बसविण्याला. अशा कामांवरचा पैसा वाचला, तरच त्या वाडीच्या पहिल्या नळाला तरतूद उरेल.

पैशाचा दुसरा मार्ग वसुलीचा. दर चार वर्षांनी होणारी मालमत्तेची करआकारणी हा कोणत्याही सभेच्या धैर्याची कसोटी पाहणारा प्रसंग असतो. आकारणी योग्य झाली तर मतदार रागावतो, आणि ती लांबणीवर टाकली तर झडपांच्या दुरुस्तीला पैसा राहत नाही. उमेदवारी अर्जाबरोबर स्वतःची थकबाकी नसल्याचा दाखला जोडणाऱ्या उमेदवाराने गावातील मोठ्या थकबाकीदारांची नावे सभेच्या पटलावर ठेवण्याचीही तयारी दाखवावी. दोन खोल्यांच्या घरमालकाच्या दारी जप्तीची नोटीस जाते आणि व्यापारी संकुलाची बाकी वर्षानुवर्षे केवळ वह्यांतून पुढे ओढली जाते, अशा कारभारावर लोकांचा विश्वास बसावा तरी कसा?

ठराव करणे आणि तो अमलात आणणे यांतील अंतर किती दारुण असू शकते, याचा दाखला महाडच्या नगरपालिकेच्या दप्तरात आहे. सी. के. बोले यांच्या पुढाकाराने १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत झालेल्या ठरावास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपली तळी अस्पृश्यांसह सर्वांना खुली केली. परंतु तो ठराव कागदावरच राहिला, आणि चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सहस्रावधी लोकांसह तेथे जावे लागले. त्यानंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला मूळ ठरावच रद्द केला, आणि त्या पाण्यावरचा हक्क उच्च न्यायालयात निर्णीत होण्यास १९३७ उजाडले. पाण्यासारख्या मूलभूत गोष्टीत नगरपालिकेच्या एका ठरावाचे भवितव्य असे झाले, ही घटना उमेदवारी अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाने विस्मरणात जाऊ देऊ नये. आज त्या प्रकारचा उघड मज्जाव नसला, तरी पूर्वीच्या सभांत संमत होऊन अंमलबजावणीविना पडून राहिलेले ठराव प्रत्येक नगरपरिषदेच्या इतिवृत्तांत सापडतील. नव्या सदस्याने निवडीनंतरच्या पहिल्या महिन्यात ती इतिवृत्ते चाळावी आणि अशा ठरावांची यादी मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी मागावी.

मतदाराला दुरुस्तीचे हे वचन रुचणार नाही, त्याला आपल्या हाकेला धावून येणारा माणूस हवा असतो, दाखला मिळवून देणारा, नळाची जोडणी लवकर करून देणारा, लग्नामुंजीत आणि अंत्ययात्रेत दिसणारा, असे उमेदवार सांगतात, आणि त्यांचा अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण दाखल्यासाठी मध्यस्थ लागतो, कारण खिडकीवर तो वेळेत मिळत नाही. जोडणीसाठी ओळख लागते, कारण अर्जांचा क्रम पाळला जात नाही. कारभार सुरळीत झाला तर या उपकारांची गरज कमी होते, आणि नगरसेवकाचे महत्त्वही त्या मानाने कमी होते. तेवढी किंमत मोजण्याची ज्याची तयारी आहे त्याला मी मत देईन. स्त्रियांना २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या आहेत, आणि पाण्याच्या पाळीसाठी रात्री जागणाऱ्या, गटाराच्या वासात स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांना गावाच्या गरजांचा क्रम पुरुषांपेक्षा अधिक बिनचूक ठाऊक असतो असे मी पाहिले आहे. मात्र निवडून आलेल्या स्त्रीच्या खुर्चीवरून तिचा पती बोलू लागला की ते ज्ञान सभागृहाबाहेर राहते. प्रचारात उमेदवार स्त्रीच्या मुखातून तिचे स्वतःचे म्हणणे ऐकण्याचा आग्रह मतदारांनीच धरला पाहिजे.

२००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली, जिच्यायोगे नगरसेवकाने आपल्या भागातील मतदारांना एकत्र बोलावून त्यांच्या गरजा आणि त्यांचा अग्रक्रम विचारावयाचा असतो. ती सभा किती वेळा भरवणार, हे उमेदवाराने पत्रकात लिहावे. निवडून आलेल्या सदस्यांपुढे अंदाजपत्रक फेब्रुवारीत मांडले जाते. पाणीपुरवठ्याच्या देखभालीची तरतूद मागील वर्षापेक्षा वाढली की घटली, टाक्या उपसण्यासाठी वाहनाची व्यवस्था आहे काय, सफाई कामगारांच्या साहित्याला किती रक्कम आहे आणि सुशोभीकरणाला किती, या चार गोष्टी त्या सभेत प्रेक्षकांच्या बाकावर बसून कोणाही नागरिकाला वहीत टिपून घेता येतील. सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते.